झीकोसकाकाची घंटा

आमच्या व्रिसोपेत्रा गावात ओझी वाहायला दोघंच होते, एक खेचरं आणि दुसरा झीकोसकाका. हे वाक्य माझं आहे. लोक हल्ली ते पाद्रीबाबांच्या नावावर खपवतात, पण कॉफीच्या दुकानासमोर, काकाला नीट ऐकू जाईल अशा बेतानं, पहिल्यांदा ते मीच म्हटलं होतं. काका पिठाचं पोतं पाठीवर घेऊन चढण चढत होता. थांबला आणि मान वर न करता म्हणाला, "लांब्रिनी, खेचराला संध्याकाळी निदान तोबरा मिळतो. मला तुझं तोंड मिळतं." आणि गेला पुढं.

त्याच्या आणि माझ्या घरांच्या मध्ये छातीइतका दगडी बांध. जन्मभर मी त्या बांधावरून डोकावत आले, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्याच्या चुलीवर काय शिजतंय ते मला वासावरून कळायचं, त्याची बायको कधी रुसली तेही कळायचं. म्हणून तर राग येतो. एवढं डोकावून जे कळायला हवं होतं तेवढंच नेमकं कळलं नाही.

काका मुळात नालबंद. त्याचा बापही नालबंद. लढाईआधी चार गावांची जनावरं त्याच्या दारात रांगेनं उभी असायची. मी तेव्हा दहा वर्षांची, पण तापलेला नाल खुराला टेकवला की उठायचा तो करपट वास अजून नाकात आहे. जनावर कितीही आडमुठं असो, काका त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचा आणि ते पाय उचलून द्यायचं. माझी आई म्हणायची, बायकोशी एवढं गोड बोलला असता तर संसार सोन्याचा झाला असता.

चाळीस सालच्या शरदात इटलीवाले अल्बानियाच्या बाजूनं ग्रीसमध्ये घुसले आणि सरकारनं गावोगावची खेचरं सैन्यासाठी जमा केली. आमच्याकडून अकरा गेली. प्रत्येकाच्या खुरावर तापल्या लोखंडानं क्रमांक उठवला आणि मालकाला एकेक पावती दिली. त्यांच्याबरोबर नालबंद म्हणून काकालाही नेलं. बायकांना त्यातल्या त्यात बरं वाटलं. आपला माणूस बरोबर आहे म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं दावी त्याच्याकडे दिली. सोफ्रोमावशी तेव्हा नुकतीच विधवा झालेली. तिची कानेला नावाची मादी होती, दालचिनीच्या रंगाची. तिनं काकाचा दंड धरून सांगितलं, "हिला थंडी सोसत नाही. लक्षात ठेव."

पुढच्या मे महिन्यात काका एकटाच पायी परत आला. डाव्या पायाची दोन बोटं बर्फानं नेलेली. चौकात बायका गोळा झाल्या, मीही आईच्या पदरामागे होते. कुणीतरी विचारलं, "आणि खेचरं?"

काका म्हणाला, "राहिली."

"राहिली म्हणजे? कुठं राहिली?"

"तिकडंच राहिली." आणि घरात जाऊन त्यानं दार लावलं.

सदतीस वर्षांत यापुढे एक शब्द नाही. पुन्हा कधी नाल ठोकला नाही. ऐरण कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू म्हणून लावली. छपरावर पाट्या बसवायचं काम धरलं, आणि त्या दगडी पाट्या, चुना, पीठ, सरपण, सगळं स्वतःच्या पाठीवर. खेचर भाड्यानंही घ्यायचा नाही. आमच्या अरुंद फरसबंद वाटेवर समोरून खेचर आलं की हा भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, ते पार जाईपर्यंत. आम्ही खो-खो हसायचो. मी विचारायचे, "काका, लाजतोस का रे त्यांना? की उधारी आहे?" एकदा तर म्हटलं, "तुला मापाचं खोगीर शिवून देऊ का?" तो म्हणाला, "दे. पण जाड लोकरीचं दे, तुझे शब्द टोचतात." मी हे महिनाभर सगळ्यांना ऐकवून हसले.

गावानं आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. जर्मन आले तेव्हा आघाडी मोडली, आणि यानं जनावरं वाऱ्यावर सोडून जीव घेऊन पळ काढला. बाकीची दहा घरं हळूहळू विसरली, काही घरांत तर विसरायलाही कुणी उरलं नाही. सोफ्रोमावशी विसरली नाही. कानेला गेल्यावर डोंगरातलं लाकूड तिनं स्वतःच्या पाठीवर उतरवलं. आता ती कमरेत अशी वाकलीय की उभी असली तरी जमिनीशीच बोलतेय असं वाटतं. काकाची बायको वारली तेव्हा तिच्या चाळिसाव्याला मावशी आली नाही. म्हणाली, "ज्यानं माझं जनावर टाकलं, त्याच्या घरचा दाणा मी तोंडात घालणार नाही."

आता हे दाण्याचं. आमच्यात मेलेल्याच्या चाळिसाव्या दिवशी उकडलेले गहू वाटतात. त्यात डाळिंबाचे दाणे, बदाम, बेदाणे, वर साखर. त्याला कोलिवा म्हणायचं. घ्यायचा, खायचा आणि म्हणायचं, "देव त्याला क्षमा करो." घरटी एकानं तरी म्हणायलाच हवं. एका घरानं तोंड फिरवलं तर मेलेला तेवढ्यापुरता उंबऱ्यावर अडकतो, असं आम्ही मानतो. शिकलेले मानत नाहीत, पण गहू तेही मुकाट्यानं खातात.

गेल्या नोव्हेंबरात झीकोसकाका वारला. अडुसष्ट वर्षांचा होता. मुलगी पोलिक्सेनी जर्मनीहून आली, तिकडे शिलाईच्या कारखान्यात असते. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बांधावरून चढून येऊन माझे अंजीर चोरणारी. तिनं चाळिसाव्यापर्यंत रजा काढली आणि मला म्हणाली, "लांब्रिनी, मला बाकी काही नको. सोफ्रोमावशीनं त्या दिवशी घास घ्यायला हवा. नाहीतर मी घराला कुलूप लावून जाऊ कशी?"

मी म्हटलं, "त्यापेक्षा पाद्रीबाबांना नाचायला सांग. ते लवकर जमेल."

मग आम्ही काकाची पेटी उघडली. लग्नाच्या कोटाखाली मेणकापडात बांधलेलं एक गाठोडं निघालं. आत एक पितळी घंटा, माझ्या दोन मुठींएवढी, जड, वर दांड्यासारखी मान, पण आत लोलक नाही. बरोबर एक छोटी लाकडी हातोडी. एक आखूड दांड्याची कुऱ्हाड, एका बाजूला पातं, दुसऱ्या बाजूला लांब टोकदार खिळा. आणि तंबाखूच्या पत्र्याच्या डब्यात काळपट शिंगासारख्या अकरा चकत्या, घासून गुळगुळीत केलेल्या, प्रत्येकीवर जळलेला आकडा.

"या सोंगट्या असणार," मी म्हटलं. "काका एकटाच खेळत असेल, म्हणजे हरायला नको."

पोलिक्सेनी घंटेकडेच बघत होती. आमच्या गावावरच्या टेकडीवर संत मोदेस्तोसचं छोटं देऊळ आहे. तो गुराढोरांचा रखवालदार. तिथली घंटा लढाईत गेली, ती पुन्हा आलीच नाही. सोफ्रोमावशी रांगत का होईना, पण त्या देवळात जातेच जाते. पोलिक्सेनी म्हणाली, "बाबांनी ही देवळासाठीच आणून ठेवली असेल गं. खेचरांच्या नावानं. आणि द्यायची हिंमत झाली नसेल. लोलक बसवून घेऊ, त्यांच्या नावानं टांगू. मावशी देवाची घंटा तरी नाकारणार नाही."

मला पटलं. देवळाला घंटा दिली की घराण्यावरचा बोल पुसला जातो, असं आमच्याकडे कितीदा झालंय. मी ती अंगणात हातोडीनं ठोकून पाहिली. ठक्क असा बद्द आवाज आला. म्हटलं, "काकासारखीच आहे. बोलायचं नावच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही यानिनाला गेलो. गाठोडं अख्खंच नेलं, कारण कुऱ्हाड मी मागून घेतली होती आणि तिचा खिळा मला कापून हवा होता. तळ्याकाठच्या गल्लीत स्तेर्गिओस मिस्त्रीचं दुकान. शेळ्यामेंढ्यांच्या घंटा घडवतो. पन्नाशी ओलांडलेला, शांत. नुसत्या आवाजावरून कळप कुणाचा ते सांगतो म्हणतात.

पोलिक्सेनीनं घंटा त्याच्या फळीवर ठेवली. "मिस्त्री, यात लोलक बसवून द्या. देवळात टांगायची आहे."

त्यानं ती हातात घेतली, वाजवली नाही. आडवी धरून आत पाहिलं, मानेवर अंगठा फिरवला. "हे कुठं मिळालं?"

"बाबांच्या पेटीत."

"बाई, यात लोलक बसत नाही. ही घंटा नाहीच."

"नाही कशी?" मी मध्येच तोंड घातलं. "हातोडीनं वाजते की. मी काल दहा वेळा ठोकली!"

मिस्त्रीचा चेहरा एकदम उतरला. "दोघी मागं सरा," तो म्हणाला. त्यानं त्या वस्तूचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि मानेवरची टोपी सावकाश पिळली. ती आट्यांची होती, निघून आली. त्यानं आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "रिकामं आहे. मेणबत्ती लावा देवाला."

तो स्टुलावर बसला, आम्हालाही बसवलं. "अठ्ठेचाळीस साली मी डोंगरी तोफखान्यात होतो. आमच्या नालबंदाकडे असंच एक होतं. इंग्रजी बनावट. या टोपीखाली एक गोळी बसते. हे तोंड कपाळावर टेकवायचं आणि वर हातोडीनं एकदाच ठोकायचं."

"कुणाच्या कपाळावर?" पोलिक्सेनीनं विचारलं. तिला कळलं होतं, तरी विचारलं.

"खेचराच्या. घोड्याच्या. पाय मोडला, पाय गोठले, उठता येत नाही, अशा. तोंड घंटेसारखं एवढ्यासाठी, की आवाज कोंडला जातो. शेजारी बांधलेली बाकीची बुजत नाहीत."

 त्यानं कुऱ्हाड उचलली. "हा खिळा गोळ्या संपल्यावर. आणि पातं नंतर, खूर तोडायला. खुरावर क्रमांक असतो ना? जनावर मेलं हे कार्यालयाला दाखवायला खूर न्यावा लागायचा. तो दाखवला की यादीतून ते वजा."

पोलिक्सेनीनं तंबाखूचा डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला. मिस्त्रीनं अकराही चकत्या एकेक करून फळीवर मांडल्या. एक उजेडात धरली. "ही खुरंच आहेत. क्रमांकाएवढा भाग कापलाय आणि मग कुणीतरी बसून घासलाय. पुष्कळ दिवस घासलाय. हे जमा करायचं असतं, घरी आणायचं नसतं."

"मग यांनी का आणलं?"

"ते मी कसं सांगू? मी आमच्या वेळचं सांगतो. आमचा नालबंद प्रत्येक वेळी आधी अर्धा तास जनावराचे पाय चोळायचा. चालेल असं जनावर नालबंद मारत नाही, बाई." त्यानं हातातली चकती खाली ठेवली. "पण तुमच्या बाबांचं मला ठाऊक नाही."

त्यानं पैसे घेतले नाहीत. खिळा कापून हवा का, हेही विचारलं नाही आणि मी आठवण केली नाही.

परतीच्या बसमध्ये गाठोडं पोलिक्सेनीच्या मांडीवर होतं. अर्धा घाट होईपर्यंत मी गप्प बसले, हे ड्रायव्हरच्याही लक्षात आलं. त्यानं आरशातून विचारलं, "लांब्रिनी, घसा बसला का?"

मग मी हळूच म्हटलं, "पोली, ऐक. मी जन्मभर बोलत आले, आज गप्प राहायला तयार आहे. याची कदर कर. मिस्त्री काही व्रिसोपेत्रात येत नाही. कुठल्या तरी लोहाराकडून लोलक अडकवून घेऊ, टांगू, आणि संपवू. मावशी घास घेईल, काका सुटेल."

"आणि मावशी तिच्याखाली उभी राहून मेणबत्ती लावेल?"

"लावेल. तिला काय कळणार?"

"मला कळेल ना." तिनं गाठोड्यावर दोन्ही हात ठेवले. "ज्या वस्तूनं कानेलाला मारलं तिच्याच खाली? नको. तिची क्षमा मला चोरून नको."

"सांगितलंस तर मिळणारच नाही!"

"मग नाही मिळणार," ती म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून रडली.

तशाच आम्ही बसमधून उतरून मावशीकडे गेलो. ती अंगणात घेवडा निवडत होती. आमची पावलं पाहून म्हणाली, "कोण ते? मला गुडघ्यापर्यंतच दिसतं. एक जर्मनीचे बूट दिसतात, आणि दुसरे... या लांब्रिनीच्या चपला. म्हणजे बातमी आहे."

"मी पोलिक्सेनी, मावशी."

"चाळिसाव्याला बोलवायला आली असशील तर आल्या वाटेनं परत जा."

पोलिक्सेनी तिच्यासमोर जमिनीवर बसली, म्हणजे मावशीला तिचं तोंड दिसलं. गाठोडं उघडलं आणि मिस्त्रीनं सांगितलं तसं सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही गोड केलं नाही. मी मागं उभी होते.

मावशी ऐकून घेऊन उठली. आत गेली, देवाच्या तसबिरीमागून एक घडी घातलेला कागद काढून आणला आणि माझ्या हातात दिला. "तू वाच. तुला दुसऱ्यांचं वाचायची सवय आहे."

सरकारी पावती होती. "मादी खेचर, वय सात, रंग दालचिनी, डाव्या कानाला चीर, क्रमांक दोनशे चौदा."

मी डब्यात हात घातला. तिसऱ्यांदा काढली ती दोनशे चौदा निघाली. आकडे स्पष्ट होते. मावशीनं ती चकती घेतली, दोन्ही तळव्यांत धरली, नाकाशी नेली. एवढ्या वर्षांनी तिला काय वास येणार!

"म्हणजे त्यानं टाकलं नाही," ती म्हणाली.

"नाही, मावशी."

"मारलं."

"हो."

"आणि सदतीस वर्षं माझ्या दारावरून गेला."

 मी बोलणार होते. मावशी म्हणाली, "जा आता. दोघी जा." चकती तिनं परत दिली नाही.

पुढचे दिवस पोलिक्सेनीनं गहू निवडले, धुतले, बदाम सोलले. देवळाला घंटा दिली नाही. गाठोडं पेटीत परत ठेवलं. मी तिच्याकडे बांधावरून न डोकावता दारातून जात होते. गावात बातमी कुणी फोडली म्हणाल, तर मी एकीलाच सांगितली होती. ती बेकरीवाली निघाली हा माझा दोष नाही. पण कॉफीच्या दुकानात त्या आठवड्यात माझी थट्टा कुणी ऐकायला तयार नव्हतं. कुणी म्हणे, लढाईत असंच असतं. कुणी म्हणे, मग तोंड उघडून सांगायचं होतं, कुणी खाल्लं असतं का? थानासिस सुतार, ज्याच्या बापाचं काळं खेचर त्या अकरांत होतं, तो म्हणाला, "काय सांगणार होता? कुणाचं आधी मारलं आणि कुणाचं नंतर?"   मला त्या खोगिराची आठवण येत होती.

चाळिसाव्याला थंडी होती. पूजा झाली, देवळाच्या पडवीत पोलिक्सेनी परात घेऊन उभी राहिली. लोक येत होते, ओंजळ पुढे करत होते, "देव त्याला क्षमा करो" म्हणत होते. मी कोलिवा दोनदा घेतला. पहिल्यांदा नेहमीसारखं म्हटलं आणि दुसऱ्यांदा माझ्यासाठीही थोडी क्षमा मागून घेतली.

परात निम्मी झाली तेव्हा पायरीवर काठी वाजली. मावशी आली होती. लोकांनी तिला वाट करून दिली. ती परातीपर्यंत आली, मान तिरकी करून पोलिक्सेनीकडे पाहण्याचा प्रयत्न केला, तेव्हा पोलिक्सेनीच परात घेऊन गुडघ्यांवर बसली.

"एक सांग," मावशी म्हणाली. "त्या वेळी तिचे डोळे झाकले होते का त्यानं?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. झाकले होते, स्वतःच्या गळपट्ट्यानं झाकले होते, यानिनाच्या मिस्त्रीनंच सांगितलं. एवढं एक वाक्य. मी तोंड उघडलंही. पोलिक्सेनीनं माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"ठाऊक नाही, मावशी," ती म्हणाली. "त्यांनी मला कधी काही सांगितलं नाही. माझ्याकडे आहे ते सगळं मी तुझ्यापुढे ठेवलं."

मावशी काठीवर रेलून तशीच उभी राहिली.  मग तिनं काठी माझ्याकडे न बघता माझ्या हातात दिली आणि तळहात पुढे केला. पोलिक्सेनीनं चमचाभर गहू त्यावर ठेवले. मावशीला चारच दात. तिनं बराच वेळ चावलं. आम्ही सगळे ते चावणं बघत होतो.

"देव त्याला क्षमा करो," ती म्हणाली. "मला अजून वेळ लागेल."

"लागू दे, मावशी."

"गहू चांगला शिजलाय," असं म्हणून तिनं तळहात पुन्हा पुढे केला.